उन्हाळी तीळ नुसताच माजत होता, बोंडं धरत नव्हता: माझा अनुभव

सलग दोन उन्हाळे तेच. तीळ छातीला लागलेला, पान काळंभोर, पण पहिलं बोंड पार गुडघ्याच्या वर. वाऱ्यावादळात अर्धं रान आडवं. आधी पाणी तोडलं, तर फुलं गळाली. मग वाढ रोखायचं औषध मारलं, नुसते पैसे गेले. पीक मोडून टाकावं असं वाटायला लागलं होतं.

घोळ युरियाचा होता. मी एकरी दोन गोण्या टाकत होतो. ९० किलो युरिया म्हणजे ४१ किलो नत्र (नायट्रोजन). शिफारस हेक्टरी ५० किलो, म्हणजे एकरी २०, तेही दोन हप्त्यांत!

यंदा एकरी असं केलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकेटी-१०१ या वाणाचं दीड किलो बी वाळूत मिसळून पेरलं. पेरतानाच डीएपी खत २२ किलो आणि युरिया १३ किलो. यातून नत्र १० किलो, स्फुरद (फॉस्फरस) १० किलो. पंधराव्या दिवशी विरळणी, दोन रोपांत १० सेंटीमीटर. (हात चालत नाही उपटायला, पण उपटाच.) तिसाव्या दिवशी आधी खुरपणी, मग २२ किलो युरिया ओळीपासून चार बोटं लांब, लगेच डवरणी (ओळींमधून डवरं फिरवून माती हलवणं) आणि त्याच संध्याकाळी हलकं पाणी. खुरपणी मागे ठेवली तर युरिया तणच खातं. पानांवर दव असताना टाकू नका, पानं करपतात.

त्यानंतर पीक जरा फिकट दिसलं, तरी गोणी उघडली नाही. झाडं कमरेइतकीच राहिली, बोंडं मात्र वीतभर उंचीपासून लागली.