बुलपेनची तुलना आणि प्लेऑफचे भाकीत : आधी उपसा मोजावा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा बेसबॉलचा सामना आपल्याकडे जळगाव-भुसावळात पहाटे साडेचारला सुरू होतो, आणि नऊ डावांपैकी सातवा डाव, म्हणजे सातवी इनिंग, येईपर्यंत घरोघरी सकाळचा चहा झालेला असतो. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, थकल्यावर ज्या रिलीव्हर पिचरांच्या हाती चेंडू जातो त्यांचा ताफा म्हणजे बुलपेन, आणि आमच्या मित्रमंडळींतले वाद बहुधा याच ताफ्यावरून पेटतात. आजवरचे सर्वांत थोर बुलपेन कोणाचे, आणि यंदा कोणाचे बुलपेन संघाला प्लेऑफपर्यंत, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांपर्यंत, नेईल, हे ते दोन प्रश्न. असे वाद मला मनापासून प्रिय आहेत. ते नुसत्या आवाजावर न जिंकता हिशेबावर जिंकता यावेत, म्हणून मी पाळतो ती पद्धत येथे मांडतो.

तुलनेचा पहिला आकडा ईआरए हाच असतो. पिचरच्या खाती पडलेल्या रनांना नऊने गुणून त्याने टाकलेल्या इनिंगनी भागले की ईआरए मिळतो, आणि तो जितका कमी तितका पिचर चांगला. मात्र क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेले रन त्यात धरत नाहीत. कॅन्सस सिटी रॉयल्सच्या वेड डेव्हिसने 2014 मध्ये 72 इनिंगमध्ये असे 8 रन दिले, म्हणून त्याचा ईआरए 1.00 आला. परंतु रिलीव्हरच्या बाबतीत या आकड्यात एक मोठी फट आहे. आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले धावपटू नव्या पिचरच्या चेंडूंवर घरी पोहोचले, म्हणजे त्यांचे रन झाले, तरी ते रन आधीच्याच्या नावावर चढतात. त्यामुळे वारशाने आलेल्या धावपटूंपैकी किती जणांना त्याने रोखले, हे स्वतंत्रपणे पाहावे. सेव्ह, म्हणजे आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद, या आकड्याला मी त्याहून कमी वजन देतो. 1969 पासून त्याची अधिकृत नोंद होते खरी, पण तीन रनांची आघाडी असताना नववी इनिंग टाकणाऱ्यालाही सेव्ह मिळतो, आणि सातव्या इनिंगमध्ये भरलेल्या बेसवर सामना वाचवणाऱ्याला बहुधा काहीच मिळत नाही.

यानंतर माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी येते. यावल-रावेरकडचा केळी पिकवणारा शेतकरी पंपाची धार जाड दिसते म्हणून विहिरीचा भरवसा देत नाही. रोजचा उपसा किती आणि रात्रीतून पाणी किती भरते, हे तो आधी विचारतो. बुलपेनचेही तसेच आहे. सिनसिनाटी रेड्सचे 1990 चे ‘नॅस्टी बॉइज’, म्हणजे रॉब डिबल, नॉर्म चार्ल्टन आणि रँडी मायर्स, यांची तुलना 2014 च्या रॉयल्सच्या हेरेरा, डेव्हिस आणि हॉलंड या त्रयीशी नेहमी केली जाते. ईआरएवर रॉयल्स पुढे दिसतात, कारण तिघांचेही आकडे 1.50 च्या आत होते. पण डिबलने 68 सामन्यांत 98 इनिंग टाकल्या, तर डेव्हिसने 71 सामन्यांत 72. चार्ल्टनने त्या हंगामात 16 सामने सुरुवातीचा पिचर म्हणूनही खेळले, त्यामुळे त्याचा सबंध हंगामाचा ईआरए बुलपेनच्या खाती मांडणे चूक ठरते. रेड्सनी त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, चार सरळ सामन्यांत जिंकली. रॉयल्स 2014 मध्ये सातव्या सामन्यात हरले आणि 2015 मध्ये विजेते झाले. एका हंगामाच्या धारदारपणात मी रॉयल्सना वर ठेवतो, उचललेल्या भारात रेड्सना.

मैदान आणि काळ यांची दुरुस्तीही करावी. डेन्व्हरच्या विरळ हवेत चेंडू दूर जातो, म्हणून तिथला 3.50 हा ईआरए लॉस एंजेलिसच्या 3.50 पेक्षा सरस मानावा.

आता भाकिताकडे वळू. थोर बुलपेन म्हणजे प्लेऑफचे तिकीट, हा समज 2003 च्या डॉजर्सनी खोटा ठरवला आहे. एरिक गान्येने त्या वर्षी 55 पैकी 55 सेव्ह केले आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, तरीही फलंदाजी दुबळी असल्याने संघ 85 विजयांवर थांबून बाहेर राहिला. म्हणून आधी संपूर्ण संघाचा अंदाज घ्यावा. केलेल्या रनांच्या वर्गाला, केलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचे हे सूत्र आहे. 700 रन करून 600 देणाऱ्या संघाचे उत्तर 0.576 येते, म्हणजे 162 सामन्यांत सुमारे 93 विजय. प्रत्यक्ष विजय यापेक्षा बरेच अधिक असतील, तर एका रनाने जिंकलेले सामने मोजावेत. बॉल्टिमोर ओरिओल्सनी 2012 मध्ये असे 29 सामने जिंकले आणि केवळ 9 हरले. पुढच्याच वर्षी तोच हिशेब 20 विजय आणि 31 पराभव असा फिरला, आणि एकूण विजय 93 वरून 85 वर आले. निसटते विजय पुढच्या हंगामाच्या भांडवलात धरू नयेत, हे मी तेव्हापासून धरून आहे.

सप्टेंबरमध्ये जादुई संख्या काढावी, म्हणजे आघाडी पक्की होण्यासाठी पुढच्या संघाचे विजय आणि मागच्याचे पराभव मिळून अजून किती हवेत तो आकडा: 163 मधून आघाडीच्या संघाचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करावेत. आघाडीच्या संघाचे 88 विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे 70 पराभव असतील, तर उत्तर 5. बरोबरी झाल्यास 2022 पासून जादा सामना होत नाही, परस्परांतील सामन्यांचा निकाल प्रथम पाहतात; तो आघाडीच्या संघाच्या बाजूने असेल, तर संख्या एकाने कमी धरावी. त्याच वर्षापासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पात्र ठरतात, तीन विभागविजेते आणि तीन वाइल्ड कार्डवाले, म्हणजे विभाग न जिंकलेल्यांतले सर्वांत सरस.

मात्र ही संख्या हातांचा थकवा सांगत नाही. 2011 मधील अटलांटा ब्रेव्ह्जचे उदाहरण मला अजून हळहळ लावते. ओफ्लॅहर्टी, व्हेंटर्स आणि किंब्रेल हे त्रिकूट त्या वर्षी थोरांत बसण्याजोगे होते. ओफ्लॅहर्टीचा ईआरए 0.98 होता. पण ते अनुक्रमे 78, 85 आणि 79 सामन्यांत उतरले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ब्रेव्ह्ज वाइल्ड कार्डच्या शर्यतीत कार्डिनल्सपेक्षा साडेआठ सामन्यांनी पुढे होते. 28 सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी, नवव्या इनिंगमधील एका रनाची आघाडी किंब्रेलच्या हातून गेली, 13 व्या इनिंगमध्ये फिलाडेल्फियाने सामना 4-3 असा जिंकला, आणि 90 विजयांसह कार्डिनल्स एका सामन्याने पुढे निघून गेले. पुढे वर्ल्ड सिरीजही त्यांनीच जिंकली. त्या घसरगुंडीला फलंदाजीचीही साथ होती, तरीही ऑगस्टअखेरीस त्या तीन हातांचा उपसा कोणी वहीत मांडला असता, तर साडेआठ सामन्यांच्या आघाडीवर तो निर्धास्त राहिला नसता.

म्हणून प्रत्येक दावेदार संघाच्या पहिल्या चार रिलीव्हरांची गेल्या तीन दिवसांतील चेंडूसंख्या वहीत उतरवावी, सलग दोन दिवस उतरलेल्यासमोर खूण करावी, आणि आपले भाकीत विजयांच्या आकड्यासह 1 सप्टेंबरपूर्वी लिहून प्रतिपक्षाची सही घ्यावी. प्लेऑफ सुरू झाल्यावर मात्र पान नव्याने मांडावे, कारण तिथे मधल्या सुट्ट्यांमुळे चौथ्या-पाचव्या रिलीव्हरची गरज घटते, आणि 2016 मध्ये क्लीव्हलंडने अँड्र्यू मिलरला पाचव्या इनिंगपासून वापरले, तसे आपला सर्वोत्तम हात लवकर काढणारे व्यवस्थापक भारी पडू शकतात.