सल्फेटची लिमिट टेस्ट: आधी या चुका टाळा, मग बॅचला नावं ठेवा

औषधाच्या मालात सल्फेट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नाही ना, हे बघायची ही टेस्ट. बेरियम क्लोराईड घालून सॅम्पलला येणारा गढूळपणा स्टँडर्डशी, म्हणजे ठरलेलं सल्फेट असलेल्या द्रावणाशी, ताडून बघायचा. दिसायला सोपी, म्हणून नव्या मुलांच्या हातात पहिल्यांदा हीच पडते. तिची वाटही तेच लावतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सुरुवातीच्या एका मिनिटात. सल्फेट अगदी थोडं असलं तर बेरियम सल्फेट पटकन बाहेर पडत नाही, द्रावण अतिसंपृक्त होऊन, म्हणजे मावेल त्यापेक्षा जास्त विरघळलेलं धरून, तसंच राहतं. म्हणून इंडियन फार्माकोपियाच्या (औषधांच्या दर्जाचा अधिकृत ग्रंथ) पद्धतीत २५ टक्के बेरियम क्लोराईड १ मिली घेऊन त्यात अल्कोहोलमधलं १० पीपीएम (मिलीला १० मायक्रोग्रॅम) सल्फेट द्रावण १.५ मिली घालतात आणि मिनिटभर थांबून मग सॅम्पल घालतात. त्या मिनिटात बारीक कण तयार होतात आणि पुढचा गढूळपणा त्यांच्यामुळे लवकर व सारखा येतो. घाईवाले इथेच मिनिट खातात. काही जण सकाळी एकच स्टँडर्ड करून ठेवतात आणि दिवसभर त्याच्याशी सॅम्पलं ताडून बघतात. तोवर कण वाढून तळाशी बसलेले असतात, मग चांगला मालही फेल! स्टँडर्ड आणि सॅम्पल शेजारीशेजारी, एकाच हाताने, एकाच घड्याळावर करायचं. हलवल्यावरची ५ मिनिटंही दोघांना सारखीच.

दुसरी चूक सिलिंडर धुण्याची. एका कंपनीत एकच कच्चा माल सारखा फेल होत होता. सप्लायरला कडक पत्रं गेली, त्याचं उत्तर एकच: आमच्याकडे पास आहे. शेवटी मी सॅम्पल बाजूला ठेवायला लावलं आणि दोन्ही नेसलर सिलिंडरांत (गढूळपणा ताडून बघायच्या एकसारख्या काचेच्या नळ्या) सॅम्पलऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊन टेस्ट चालवायला सांगितली. दोन्हींत सारखीच पुसट झाक यायला हवी होती. सॅम्पलसाठी नेहमी वापरला जाणारा सिलिंडर मात्र चक्क दुधाळ झाला. तो क्रोमिक ॲसिडमध्ये भिजवून नळाखाली दोनदा विसळलेला होता. क्रोमिक ॲसिड म्हणजे तीव्र सल्फ्युरिक आम्लात डायक्रोमेट, हे पाठ असणाऱ्यांनीच तो धुतला होता! स्टँडर्डमध्ये १० पीपीएमचं १५ मिली, म्हणजे १५० मायक्रोग्रॅम सल्फेट असतं. त्या आम्लाच्या एका थेंबात याच्या शेकडो पट. त्यात नळाच्या पाण्यातलं सल्फेट वेगळंच.

या टेस्टचे सिलिंडर मी क्रोमिक ॲसिडजवळ फिरकू देत नाही. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, मग डिस्टिल्ड वॉटरने भरपूर विसळणं. शेवटच्या विसळणीच्या पाण्यात थोडं आम्ल आणि बेरियम क्लोराईड टाकून बघते. स्वच्छ राहिलं तरच सिलिंडर कामाला. याला वेळ जातो अशी तक्रार असते. फेल बॅचचा तपास करायला किती जातो, ते तक्रार करणाऱ्यांनी एकदा मोजावं.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. ०.१५ मिली ॲसेटिक आम्ल विसरू नका आणि अंदाजे ओतूही नका. मोनोग्राफमध्ये (फार्माकोपियातलं त्या पदार्थाचं पान) सॅम्पल आम्लात विरघळवायला सांगितलं असेल तर तसंच करा, नाहीतर कार्बोनेटवाल्या मालात बेरियम कार्बोनेटचाच गढूळपणा बघत बसाल. गाळायचं असेल तर फिल्टर पेपर आधी धुऊन घ्या. हेवी मेटल्सच्या (जड धातूंच्या) टेस्टच्या सवयीने वरून डोकावू नका, इथे काळ्या पार्श्वभूमीसमोर आडवं बघायचं असतं. सिलिंडरांची जोडी एकाच मापाची हवी, आणि शंका आली तर जागा बदलून पुन्हा बघा.

बेरियम क्लोराईड विषारी आहे. पिपेटला तोंड लावायचं नाही. उरलेल्यात सोडियम सल्फेट घालून बेरियम खाली बसवा, मग ते कचऱ्याच्या ठरलेल्या बाटलीत, सिंकमध्ये नाही.