टीम गप्प का बसते? लीडरने टाळायच्या चुका

मीटिंग संपताना तुम्ही विचारता, ‘कोणाला काही अडचण?’ सगळे माना डोलावतात. बाहेर पडल्यावर मात्र दोघे-तिघे कुजबुजतात, आणि काम अर्ध्यावर अडतं. टीमला दोष देण्याआधी आपण शंकांना काय उत्तर देतो, ते तपासा.

सगळ्यात महागात पडते ती शंका उडवून लावण्याची सवय. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात केएलएम या डच कंपनीचं विमान उड्डाणाची परवानगी नसतानाच धावपट्टीवर धावू लागलं. समोरचं पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना, असं केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने कॅप्टनला विचारलं. कॅप्टन कंपनीतला नावाजलेला, इतर वैमानिकांना शिकवणारा. त्याने ठासून ‘हो’ म्हटलं आणि विषय तिथेच मिटला. काही क्षणांत टक्कर झाली, ५८३ जण गेले. धुकं होतं, रेडिओवरचे संदेशही एकमेकांत मिसळले होते. एकट्या कॅप्टनवर खापर फोडणं बरोबर नाही. पण अशा अपघातांनंतरच वैमानिकांच्या प्रशिक्षणात हा धडा आला, की कनिष्ठाने स्पष्ट बोलायचं आणि कॅप्टनने ऐकून घ्यायचं.

म्हणून कोणी शंका काढली, की पहिलं वाक्य ‘तुला असं का वाटतंय?’ हेच असू द्या. शंका फोल निघाली तरी चारचौघांत टोमणा मारू नका. एक टोमणा आणि पुढचे कित्येक महिने तो माणूस तोंड उघडत नाही.

स्वतःचं मत आधी मांडणं हीदेखील चूकच. साहेब बोलले, की बाकीचे त्याचीच री ओढतात. सगळ्यात नवख्या माणसापासून सुरुवात करा, तुम्ही शेवटी बोला. ‘काही अडचण?’ऐवजी ‘हा प्लॅन कुठे फसेल?’ असं विचारलंत, तर उत्तरं मिळतात.

टीमच्या कामाचं श्रेय स्वतः घेतलं, तरी लोक गप्प होतात. ही चूक टाळणं सोपं आहे: वरिष्ठांना मेल लिहिताना काम ज्याचं, त्याचं नाव घाला.

काही जण मात्र दुसरं टोक गाठतात. अहंकार नको म्हणून निर्णयच घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबतात. टीमला याचा जास्त वैताग येतो, असं माझं मत. निर्णय तुम्हीच घ्या. ज्याचं म्हणणं मानलं नाही, त्याला कारण समोर बसून सांगा.

एवढं करूनही शांतता असेल, तर घाई नको. लोक आधी अंदाज घेतात. पहिली वाईट बातमी कोणी घेऊन आलं, की तुम्ही कसे वागता, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.