जोडीने स्कूबा शिकायला निघताय? आधी मेडिकल फॉर्म

तारीख ठरली, दोघांच्या रजा मंजूर झाल्या, की लगेच तिकिटं काढू नका. ज्या सेंटरमध्ये शिकणार आहात त्यांच्याकडून मेडिकल फॉर्म मागवा, दोन प्रती छापा आणि दोघांनी एका टेबलावर बसून भरा. निघायच्या किमान तीन आठवडे आधी. बाकी सगळं तिथे पोचल्यावर पैसे टाकून मिळतं. फॉर्मवर सही करणारा डॉक्टर मिळत नाही.

स्कूबाचं प्रमाणपत्र देणारी संस्था पाडी असो की एसएसआय, फॉर्मचा नमुना जवळपास सगळीकडे सारखाच असतो. पहिल्या पानावर दहा प्रश्न. सगळ्यांचं उत्तर 'नाही' आलं तर खाली सही केली की झालं. तिसऱ्या, पाचव्या किंवा दहाव्या प्रश्नाला 'हो' आलं तर थेट डॉक्टर. उरलेल्यांपैकी एखाद्याला 'हो' आलं तर दुसऱ्या पानावर त्याची चौकट भरायची, आणि तिथे एकही 'हो' आलं तरी डॉक्टर. तिसरा प्रश्न दमसासाचा आहे. पाचवा गेल्या वर्षभरातल्या शस्त्रक्रियेचा, किंवा जुन्या शस्त्रक्रियेचा त्रास अजून होत असेल तर त्याचा. दहावा, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं घेता का याचा.

बहुतेक जण अडकतात ते दहाव्यावर. "अरे, ती थायरॉइडची गोळी काय मोजायची? रोजचीच तर आहे." मोजायची. बीपीची गोळी मोजायची, डॉक्टरांनी लिहून दिलेली डोकेदुखीची नेहमीची गोळी मोजायची. सूट आहे ती गर्भनिरोधक गोळ्यांना आणि मलेरियाच्या बहुतेक औषधांना. वय पंचेचाळीसच्या वर असेल तर दुसऱ्या पानावर सिगारेट, कोलेस्टेरॉल, बीपी आणि घरातला हृदयविकार हे सगळं विचारतात. आपल्याकडे यातलं एकही नसलेलं घर शोधावं लागेल. म्हणजे चाळिशी-पन्नाशीतल्या जोडप्यात एकाला तरी डॉक्टरची सही लागणार, हे धरूनच चला.

सही फॉर्मच्याच तिसऱ्या पानावर लागते. लेटरहेडवर 'पोहण्यास हरकत नाही' असं लिहून आणलेलं बहुतेक सेंटर घेत नाहीत. त्या पानावर 'मंजूर' किंवा 'नामंजूर' यावर खूण, डॉक्टरांचं नाव, सही आणि तारीख हवी, शिक्का असला तर उत्तम. आणि हे पहिल्या भेटीत होत नाही. तुमचे नौपाड्यातले किंवा वाशीतले फॅमिली डॉक्टर वीस वर्षं तुम्हाला ओळखत असतील, पण हा कागद त्यांनी पाहिलेला नसतो. ते म्हणतील, ठेवून जा, वाचतो. मग ईसीजी सांगतील, छातीचा एक्स-रे सांगतील, दम्याचा इतिहास असेल तर फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी सांगतील. नाहीतर म्हणतील, हे माझ्या अखत्यारीत नाही, फिजिशियनकडे जा. तीन आठवडे म्हटलं ते एवढ्यासाठी. फॉर्मसोबत डॉक्टरांसाठीच्या सूचनांची पानं येतात, तीही छापून न्या. काय तपासायचं ते त्यात लिहिलेलं असल्यामुळे सही करायला डॉक्टर कमी कचरतात.

'नाही' लिहून मोकळं व्हा, कोण बघतंय, असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. ऐकू नका. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे फुप्फुसात भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. दम्यामुळे श्वासनलिका आकसलेली असेल तर ती हवा अडकते आणि फुप्फुस फाटतं. फॉर्म ज्याला घाबरतो ते हे. शिवाय खोटं लिहिलेलं असेल तर विमा कंपनीही हात वर करते. कानाच्या पडद्याला भोक असेल, फिट येत असतील किंवा फुप्फुस एकदा आपोआप फाटलेलं असेल, तर हा नाद सोडा. बाई गरोदर असेल किंवा त्या प्रयत्नात असेल तर डाइव्ह करायची नाही, यावर चर्चा नको.

आणि दोघांचे फॉर्म. हौस ज्याची असते तो स्वतःचा भरतो, जोडीदाराचा 'त्याला काय होतंय' म्हणून राहतो. मग चार दिवसांच्या कोर्समध्ये एक जण पाण्यात आणि दुसरा किनाऱ्यावर. भरलेल्या दोन्ही फॉर्मचे फोटो सेंटरला आधीच पाठवा आणि 'चालेल' असं लेखी उत्तर घ्या. त्यानंतर तिकिटं.

आता जागा. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना जे करवतात ते ट्राय डाइव्ह असतं. इन्स्ट्रक्टर मागून टाकी धरतो, तुम्ही मासे बघता, फोटो काढता, वर येता. त्यात शिकणं नाही. शिकायचं असेल तर 'ओपन वॉटर' कोर्स असं स्पष्ट विचारा. तीन-चार दिवस, थिअरी, तलावातली किंवा उथळ पाण्यातली सत्रं, मग समुद्रात चार डाइव्ह, आणि शेवटी १८ मीटरपर्यंत जोडीने डाइव्ह करण्याचं प्रमाणपत्र. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे, खोल तलावासकट. कोकणात पावसाळ्यात सगळं बंद असतं, सप्टेंबरात पाणी गढूळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, तरीही कधीकधी चार मीटरपुढचं दिसत नाही. त्या पाण्यात शिकलात तर पुढे कुठेही घाबरणार नाही, हा एक फायदा. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट आहे. अंदमानात स्वराज द्वीपला पाणी स्वच्छ, खर्च जास्त. सेंटरला विचारायचे प्रश्न: एका इन्स्ट्रक्टरमागे किती शिकाऊ? पाडी आठपर्यंत परवानगी देते, तुम्ही चारच्या वर जाऊ नका. बोटीवर ऑक्सिजन किट असतं का? चालढकल करून उत्तर दिलं तर दुसरं सेंटर बघा.

सुट्टी कमी असेल तर थिअरी आणि तलावाची सत्रं मुंबईच्या परिसरात उरकून समुद्रातल्या चार डाइव्ह बाहेर करता येतात. याला रेफरल म्हणतात, बारा महिने चालतं. पण या मार्गाने गेलात तर दोन्ही ठिकाणी मेडिकल फॉर्म लागतो. मूळ प्रत स्वतःकडे ठेवा.

पोहणं. २०० मीटर न थांबता, वेळेची अट नाही, कुठल्याही प्रकारे. शिवाय दहा मिनिटं पाण्यावर तरंगत राहणं. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या सोसायटीतला तलाव बारा-पंधरा मीटरचा असतो, दर फेरीला भिंतीला पाय मारून ढकलून घेता आणि वाटतं, जमतंय की. महापालिकेच्या पंचवीस मीटरच्या तलावात आठ फेऱ्या मारून बघा. खरी परीक्षा तरंगण्याची असते. हात-पाय झाडणारे चार मिनिटांत दमतात. पाठीवर पडून छाती भरून श्वास घ्यायला शिका.

सगळ्यात जास्त लोकांची गाळण उडते ती पाण्याखाली मास्क काढून परत घालताना. कारण एकच, नाकात पाणी लागलं की शरीर आपोआप नाकाने श्वास ओढतं. हे घरी सोडवता येतं. मोठ्या टबात पाणी घ्या, तोंडात स्नॉर्केल (श्वासाची नळी), मास्क न लावता चेहरा बुडवा आणि तोंडाने मिनिटभर श्वास घ्या. जोडीदार शेजारी उभा हवा. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत डोकं वर येईल, चार-पाच दिवसांत सवय होईल. आळीपाळीने दोघांनी करा.

कान. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची, दोन्ही कान 'टक्' करून मोकळे झाले पाहिजेत. खंडाळ्याचा घाट उतरताना करून बघा, कोणता कान मागे राहतो ते कळेल. पाण्यात हे दुखायच्या आधी करायचं, दर अर्ध्या-एक मीटरला. दुखल्यावर जोर लावलात तर पडदा जातो. नेहमी मळ साचत असेल तर निघण्याआधी ईएनटीकडून साफ करून घ्या, घरी काड्या घालू नका. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करायचं औषध मारून खाली गेलात आणि खालीच त्याचा असर उतरला, तर वर येताना हवा कानात अडकते. किडलेला दात असेल तर भरून घ्या, पोकळीतली हवा दाबाने असह्य दुखते.

सामान फारसं नको. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र), बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जॅकेट), टाकी, वजनं, वेटसूट सेंटरचं असतं. स्वतःचा एकच विकत घ्या, मास्क. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने थोडी हवा ओढा, हात सोडा. न पडता टिकला तर माप बरोबर. मिशी असेल तर मिशीची नाकाखालची कड थोडी भादरा, तिथूनच पाणी येतं. व्हॅसलिन लावू नका, सिलिकॉन खराब होतं. नव्या मास्कच्या काचेवर आतून साधी पांढरी टूथपेस्ट चोळून दोन-तीनदा धुवा, नाहीतर धुकं धरेल. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो किंवा मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. थिअरी घरीच संपवा, धडे फोनवर डाउनलोड करून ठेवा, बेटावर नेटच्या भरवशावर राहू नका. बोट लागत असेल तर गोळी आणा, पण आधी एखाद्या रविवारी घरी घेऊन किती झोप येते ते बघा. आणि ती गोळीही डॉक्टरांना फॉर्म दाखवताना सांगा.

विमा: पॉलिसीत 'स्कूबा' हा शब्द शोधा. बहुतेक प्रवास विम्यांत तो वगळलेल्या गोष्टींत असतो.

निघण्याआधी दोघांनी अर्धा तास बोलून घ्या. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. तो कोणीही, कधीही दाखवावा, आणि दुसऱ्याने बोटीवर येईपर्यंत कारण विचारू नये. एकाचे कान लवकर मोकळे होतात, दुसऱ्याला पाच मिनिटं लागतात. खाली हात धरून ओढायचं नाही. इन्स्ट्रक्टरने वेगवेगळ्या गटांत टाकलं तर रुसायचं नाही, उलट बरं. नवरा-बायको एकमेकांना शिकवायला लागले की दोघांचं लक्ष इन्स्ट्रक्टरवरून उडतं. एकाला दुसऱ्या दिवशी नकोसं झालं तर त्याने थांबायचं आणि दुसऱ्याने कोर्स पूर्ण करायचा, हे घरीच ठरवा.

प्रवास. मालवणसाठी कोकणकन्या किंवा तुतारी, ठाण्याला वा पनवेलला बसा, कुडाळला उतरा, पुढे तीसेक किलोमीटर रस्ता. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, कोकणच्या गाड्या भराभर भरतात, म्हणून रेल्वेने जाणार असाल तर फॉर्मचं काम त्याच्याही आधी उरका. डॉक्टरांची सही असलेले मूळ फॉर्म हातातल्या बॅगेत, प्लास्टिकच्या पाकिटात. दोन. मोजा.

कोर्सचे दिवस. सकाळी हलकं खा, केळं-पोहे. आदल्या रात्री दारू नाही. पाणी भरपूर. श्वास कधीही रोखायचा नाही. टाकीतल्या हवेचा दाब ५० बार उरला असताना तुम्ही वर असायला हवं. वर येताना सावकाश, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. सांधे दुखणं, मुंग्या येणं, अंगावर पुरळ यातलं काही झालं तर लपवू नका, लगेच सांगा.

परतीचं. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास, कारण कोर्समध्ये रोज डाइव्ह होतात. अंदमानहून येणार असाल तर शेवटचा दिवस जमिनीवर काढा. मालवणहून गाडीने कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन करून पुण्यामार्गे येण्याचा बेत असेल, तर त्यालाही हेच लागू: वाटेतली आंबोली जवळपास ६९० मीटर उंच आहे, आणि विमानासारखाच तिथेही हवेचा दाब कमी होतो. त्याच दिवशी निघायचंच असेल तर रेल्वेने किनाऱ्याकिनाऱ्याने या. लॉगबुकवर, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीवर, इन्स्ट्रक्टरची सही घ्या. प्रमाणपत्राच्या कार्डासाठी देताना नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळवा. मास्क गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा. मेडिकल फॉर्म टाकू नका, तब्येतीत बदल झाला नाही तर त्यावरची सही वर्षभर चालते.