पाळीत शेकायचा पट्टा वापरताय? या चुका टाळा

पाळीच्या दुखण्यावर शेक घेणं आपल्याकडे नवं नाही. तव्यावर तापवलेलं फडकं, मिठाची नाहीतर वाळूची पुरचुंडी, नंतर आली रबराची गरम पाण्याची पिशवी. अडचण एकच, ती पोटावर धरून आडवं पडावं लागतं. कमरेला बांधायचा चार्जिंगचा पट्टा ही अडचण सोडवतो. कुर्त्याखाली बांधला की पोळ्या लाटता येतात, ऑफिसात बसता येतं. तरीही ‘काही उपयोग नाही गं त्याचा’ म्हणत कितीतरी जणी तो कपाटात टाकून देतात. माझाही पहिला पट्टा तसाच पडून होता. चूक माझी होती. रबरी पिशवीतलं पाणी निवत जातं, म्हणून सुरुवातीला सोसेल तितकं कडक घ्यायचं, ही सवय मी पट्ट्यावर चालवत होते. पट्टा निवत नाही, हे लक्षातच आलं नव्हतं.

सगळ्यात वरच्या आकड्यावर लावणं

गर्भाशय हा स्नायू आहे. पाळीत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती त्याला पिळतात आणि कळा येतात. उबेने स्नायू सैलावतो, रक्तपुरवठा वाढतो. त्यासाठी चटका लागत नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायकांनी ओटीपोटावर बांधलेली शेकाची पट्टी सुमारे 38.9 अंश सेल्सिअसची होती आणि ती दिवसाला 12 तास अंगावर होती. 38.9 म्हणजे 102 फॅरनहाइट, सणसणीत ताप आल्यावर अंग लागतं तेवढीच ऊब. तेवढ्याने 400 मिलीग्रॅम आयबुप्रोफेन (दुखणं कमी करायची गोळी) दिवसातून तीनदा घेण्याइतका आराम पडला. गोळी आणि शेक दोन्ही असलेल्यांना दीड तासात फरक जाणवला, नुसत्या गोळीवर असलेल्यांना पावणेतीन तास लागले. तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर शेक तिच्या जोडीला घ्या. दोन्हींत भांडण नाही.

आता वरचा आकडा. बाजारातले बरेच पट्टे 55-60 अंशांपर्यंत जातात. कातडीचं गणित मात्र तापमान आणि वेळ मिळून होतं. 44 अंशाची वस्तू सहा तास एकाच जागी लागून राहिली तरी भाजू शकतं, आणि ते जाणवेलच असं नाही. म्हणून वरचा आकडा पहिली पाच-दहा मिनिटं, नंतर खालचा. मध्ये पातळ सुती कापड हवंच. पट्टा लावून झोपायचं असेल तर आपोआप बंद होणाराच घ्या, आणि पालथं झोपू नका.

रोज तीच जागा शेकली की कातडीवर तांबूस-तपकिरी जाळी उमटते, कुणीतरी मासे धरायचं जाळं ठेवून दाबल्यासारखी. पूर्वी चुलीपुढे तासन् तास बसणाऱ्यांच्या नडग्यांवर ती दिसायची, हल्ली मांडीवर लॅपटॉप ठेवणाऱ्यांच्या मांडीवर दिसते. ती मळ नव्हे, घासून जाणार नाही. दिसली की शेक थांबवा. लवकर थांबवलं तर हळूहळू फिकी होते, दुर्लक्ष केलं तर डाग राहतो. मधुमेहाने किंवा आणखी कशाने कातडीची जाणीव कमी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टा बांधूच नका.

बाम चोळून वर पट्टा

ही चूक घरोघरी होते, आणि ‘लवकर बरं वाटेल’ म्हणून प्रेमाने केली जाते. बामवर उष्णता बसली की कातडी भाजल्यासारखी होते, फोडही येतात. दोन्हींपैकी एकच. बाम लावलाच असेल तर पुसून, धुऊन, मगच पट्टा.

कळा वाढेपर्यंत थांबणं

पोट जड वाटायला लागलं की पट्टा बांधा, कळवळायची वाट पाहू नका. आणि बांधायचा बेंबीच्या खाली, ओटीपोटावर. बेंबीवर बांधून आतडी शेकण्यात अर्थ नाही. कंबर जास्त भरून येत असेल तर तोच पट्टा फिरवून मागे. जाड जीन्सवरून बांधला तर ऊब कापडातच राहते.

मध्येच बंद पडतो तेव्हा

पट्टा बिघडला असं समजण्याआधी माहितीपत्रक बघा. वीस-तीस मिनिटांनी तो स्वतःच बंद होत असेल तर ती सोय आहे, बटण पुन्हा दाबायचं. पॉवर बँकेवर चालणाऱ्यांची गंमत वेगळी. खालच्या आकड्यावर पट्टा इतकी कमी वीज ओढतो, की काही पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही आणि त्या झोपी जातात. दुसरी पॉवर बँक लावून बघा. ऊबच येत नसेल तर केबल बदला. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. चार्जिंग चालू असताना मात्र अंगावर नको. धुवायचं ते नुसतं कापडी आवरण, बॅटरी काढून.

विजेवर तापवायची ती जेलची फुगीर पिशवी अनेक घरांत असते. अशा बऱ्याच पिशव्यांत आतल्या पाण्यात थेट वीज जाते. प्लग काढल्याशिवाय तिला हात लावू नका, पोटावर तर नाहीच.

आतली चकती वाकवली की गरम होणाऱ्या पिशवीला पुन्हा द्रव करायला उकळत्या पाण्यात ठेवतात. एक खडा जरी आत राहिला तर निवताना ती परत घट्ट होते, म्हणून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत उकळू द्या आणि भांड्याच्या तळाशी फडकं ठेवा. चकती धातूची, तेव्हा मायक्रोवेव्ह नाही. गव्हाच्या पिशवीला तो चालतो, पण ती एकदा निवल्याशिवाय पुन्हा तापवू नका. करपल्याचा वास आला की टाकून द्या.

पट्ट्यावर सगळं ढकलणं

शाळा-ऑफिस बुडेल इतकं दर महिन्याला दुखत असेल, तिशीनंतर दुखणं नव्याने सुरू झालं असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), गाठी यांचं दुखणं शेक दाबून ठेवतो, आजार बरा करत नाही. तासाला पॅड भिजत असेल, ताप असेल, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात कळ येत असेल तर त्याच दिवशी.

आणि कपाटातले सव्वीस दिवस

पट्टा महिन्यातून दोन-तीन दिवस लागतो, उरलेले दिवस रिकाम्या बॅटरीने पडून राहतो, आणि नेमका पहिल्या दिवशी सकाळी चार्जच नसतो. लिथियमची बॅटरी शून्यावर पडून राहिली की लवकर मरते. ठेवताना अर्धी चार्ज करून ठेवा, तारीख जवळ आली की पूर्ण करा. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबून बघू नका, चार्जिंगला लावू नका आणि घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात टाकू नका. ती ई-कचऱ्यात द्यायची.