खुब्याचा सांधा दुसऱ्यांदा बदलल्यावर: पुढच्या वर्षांची देखरेख

पहिला सांधेबदल पंधरा-वीस वर्षे सहज टिकतो, म्हणून रिव्हिजनकडूनही, म्हणजे बदललेला सांधा पुन्हा बदलण्याच्या शस्त्रक्रियेकडूनही, लोक तेवढीच अपेक्षा धरतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदवहीवरून दिसते ते वेगळे आहे. पहिल्या रिव्हिजननंतर १५ वर्षांत साधारण पाचांतल्या एकाला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. दुसऱ्या रिव्हिजननंतर तेच प्रमाण सुमारे ७ वर्षांतच गाठले जाते. दर खेपेला जुना सांधा काढताना हाड घटते, कुल्ल्याचे स्नायू कमजोर होतात आणि जंतुसंसर्गाचा धोका चढतो. त्यातही सैल होत चाललेले इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) बरेचदा आधी एक्स-रेवर दिसते, दुखायला नंतर लागते. त्यामुळे ‘दुखत नाही, मग कशाला दाखवायचे’ हा हिशेब इथे चालत नाही.

आधी कागद

डिस्चार्ज कार्डावरचे ‘रिव्हिजन टीएचआर’ (टीएचआर म्हणजे पूर्ण खुबाबदल) एवढे दोन शब्द पुरत नाहीत. ऑपरेशन नोटची प्रत मागा आणि कप (खुब्याच्या खोबणीतली वाटी), लायनर (वाटीतले अस्तर), हेड (त्यात फिरणारा गोळा), स्टेम (मांडीच्या हाडात बसणारा दांडा), स्क्रू या प्रत्येकाच्या खोक्यावरचा स्टिकर फाइलमध्ये आहे ना ते पाहा. त्यावर कंपनी, आरईएफ (त्या भागाचा उत्पादन) क्रमांक, लॉट क्रमांक आणि माप असते. पुढे कप हाडात घट्ट असून नुसता लायनर झिजला, तर त्याच कपाला बसणारा लायनर मागवावा लागतो. क्रमांक हाती नसेल तर चांगला कपही काढायची पाळी येऊ शकते. एएसआर हा धातूवर धातू घासणारा सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला, तेव्हाही आपल्या खुब्यात नेमके काय आहे हे ठरवायला हे स्टिकरच कामी आले.

स्टिकरची शाई फिकट होते, म्हणून त्याच आठवड्यात फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात एक्स-रे फिल्म एकमेकींना चिकटतात, त्यांवर बुरशी धरते. त्या माळ्यावर ठेवू नका. प्रत्येक फिल्ममध्ये कोरा कागद घालून बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. त्याहून बरे म्हणजे एक्स-रे सेंटरमधून मूळ डायकॉम (एक्स-रेची संगणकीय) फाइल पेनड्राइव्हवर घेणे. खिडकीला फिल्म धरून तिरका काढलेला व्हॉट्सअ‍ॅप फोटो मापासाठी निरुपयोगी असतो.

एक्स-रे कधी, कसा

६ आठवडे, ३ महिने, १ वर्ष, आणि पुढे दरवर्षी. ५ वर्षांनंतर किती अंतराने ते शल्यविशारद ठरवतील. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: दोन्ही खुबे दिसतील असा, पाय सुमारे १५ अंश आत वळवून समोरून काढलेला पेल्व्हिसचा (कमरेच्या हाडांचा) एक्स-रे; बाजूने एक; आणि स्टेमचे टोक पूर्ण दिसेल इतकी मांडी. रिव्हिजनचा स्टेम लांब असतो. नेहमीच्या खुब्याच्या फिल्मवर त्याचे टोक कापले जाते, आणि नेमके तिथेच हाड मोडण्याचा धोका अधिक.

तुलना नेहमी शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या फिल्मशी करावी, गेल्या वर्षीच्या नव्हे. दर वर्षी १ मिमी सरकलेला स्टेम गेल्या वर्षीशी ताडला तर ‘ठीक’ वाटतो. फिल्मवर प्रतिमा मोठी दिसते, म्हणून हेडलाच पट्टी करा: हेड ३२ मिमीचे असून फिल्मवर ३८ भरले, तर फिल्मवरचे ६ मिमी म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ५.

मांडीच्या हाडात पाचरीसारखा बसणारा, उभ्या धारांचा टायटॅनियमचा स्टेम पहिल्या तीन महिन्यांत २-३ मिमी खाली बसून थांबला तर घाबरू नये. तो ५ मिमीहून जास्त बसला, किंवा वर्ष उलटल्यावरही बसतच राहिला, तर तो हाडात धरलेला नाही. अंतर मोठ्या ट्रोकॅन्टरच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी बाहेरच्या बाजूला असलेल्या उंचवट्याच्या) टोकापासून मोजतात. पण शस्त्रक्रियेत ते हाड कापून परत बांधले असेल तर ते स्वतःच सरकते, तेव्हा लहान ट्रोकॅन्टरपासून (त्याखाली आतल्या बाजूला असलेल्या उंचवट्यापासून) मोजावे. दोन तुकडे जोडून केलेल्या स्टेममध्ये वरच्या भागाला हाडाचा आधार नसेल तर जोड थकून मोडतो. वजन वाढू न देण्याचा आग्रह त्यासाठीच.

कपाचा कोन बदलला, स्क्रू मोडला किंवा कप आणि हाड यांमधली काळी रेषा रुंदावत कपाच्या सर्व बाजूंनी फिरली, तर कप सैल आहे. हेड कपाच्या मधोमध न दिसता वर चढलेले दिसले तर लायनर झिजतो आहे. वर्षाला ०.१ मिमीपेक्षा जास्त झीज असली की प्लास्टिकचे बारीक कण आजूबाजूचे हाड खायला लावतात, आणि ते दुखत नाही.

दुखण्याची जागाही सांगते: जांघेत दुखले तर संशय कपावर, उठल्यावरच्या पहिल्या चार-पाच पावलांना मांडीत कळ येऊन मग कमी झाली तर स्टेमवर, पडल्या पडल्या, रात्रीही ठणकले तर जंतुसंसर्गावर.

घर आणि पाऊस

रिव्हिजननंतर सांधा निसटण्याचे प्रमाण पहिल्या वेळेपेक्षा बरेच जास्त असते. पाटावर जेवणे, विळीवर बसून मासे साफ करणे, उकिडवे बसून लावणी करणे हे बंद. गणपतीत चाकरमानी आले की पंगतीत बसायचा आग्रह होतो, तिथेही खुर्चीच. खुर्चीची उंची ठरवायला गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यात २ इंच मिळवा. कमोड खुर्ची लोखंडी घेऊ नका, खाऱ्या हवेत तिचे पाय गंजून वाकतात. खळ्यातले आणि पाखाडीवरचे शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून काढा. ओल्या जांभ्यावर काठीचे झिजलेले रबर काही उपयोगाचे नाही.

चिखल्या आणि पायाच्या भेगा किरकोळ समजू नयेत. तिथून शिरलेले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोचतात, मधुमेह असेल तर अधिकच.

ताप आणि नवे दुखणे

सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढला म्हणजे सांधाच बिघडला असे नाही. पावसाळ्यात लेप्टो, मलेरियानेही तो चढतो. पण ताप आणि खुब्याचे दुखणे एकत्र आले तर गावातून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी शल्यविशारदांना फोन करा. गोळ्या सुरू झाल्या की सांध्यातून काढलेल्या पाण्यात जंतू वाढत नाहीत, आणि तपासणीसाठी निदान २ आठवडे औषध थांबवायची वेळ येते. थंडी वाजून हुडहुडी भरली, ग्लानी आली, तर मात्र थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. संसर्ग सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील तर सांधा धुऊन, लायनर-हेड बदलून इम्प्लांट वाचू शकते. तीन-चार आठवडे उलटल्यावर बहुधा सगळे काढावे लागते.

पडल्यास किंवा खट् आवाज झाल्यास

पाय आखूड आणि आत वळलेला असेल तर सांधा मागे निसटल्याची शक्यता, आखूड आणि बाहेर वळलेला असेल तर हाड मोडल्याची. कोणालाही पाय ओढू देऊ नका. दोन्ही पायांमध्ये उशी बांधा, १०८ ला फोन करा, चहासुद्धा देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल. पाऊल वर उचलता येते का ते पाहून वेळेसकट लिहून ठेवा. नस दुखावली असल्यास ती पडतानाच दुखावली की सांधा बसवताना, हे त्या नोंदीवरून कळते. वाडीतून रस्त्यापर्यंत नेताना खुर्चीत बसवून नव्हे, फळीवर आडवे न्या. फाइल आणि पहिली फिल्म सोबत घ्या.