घरचं वायफाय उघडं नाही ना? फोन घेऊन फिरा आणि बघा

राउटर कधी गप्प बसत नाही. सेकंदाला साधारण दहा वेळा तो आपलं नाव, आपला हार्डवेअर पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) आणि दाराला कुलूप कोणतं आहे, हे हवेत सांगत असतो. ते ऐकायला पासवर्ड लागत नाही आणि कोणी ऐकलं ते तुम्हाला कळतही नाही. त्यामुळे स्कॅनिंग थांबवायच्या नादी लागू नका. ऐकणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही एवढं बघा.

२६ जुलै २००८ला अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं गेलेला अतिरेक्यांचा ई-मेल सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. साहजिकच पोलीस आधी त्याच घरी पोचले. जानेवारी २००९मध्ये तर मुंबई पोलीसच अशी नेटवर्कं शोधत शहरात फिरू लागले. आता बहुतेक राउटर कुलूप लावूनच येतात. भोकं बुजलेली नाहीत, त्यांची जागा तेवढी बदलली आहे.

तपासणीला अँड्रॉइड फोन आणि वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप पुरतं. लोकेशन सुरू ठेवा, नाहीतर यादी रिकामी येते. अँड्रॉइड ९पासून अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करता येतात, म्हणून आकडे गोठल्यासारखे वाटतात. अँड्रॉइड १० किंवा पुढचा फोन असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद करा. आयफोनवर अशी अ‍ॅप्स सहसा चालत नाहीत. तिथे वायफायच्या यादीत कुलपाचं चिन्ह नसलेली नावं तेवढी बघता येतात.

राउटरपाशी सुरुवात करा आणि मग जिना, लिफ्ट, पार्किंग असं चालत जा. सिग्नलचे आकडे उणे असतात: राउटरच्या शेजारी -३०च्या आसपास, -६५ म्हणजे चांगला, -८५ म्हणजे तुटक. पार्किंगमध्ये -८५ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. एकाच दिशेला रोखायचा अँटेना असलेल्याला तेवढा सिग्नल भरपूर झाला.

आता खरी मेख. घरातच एखादं अनोळखी, बिनकुलपाचं नाव -४०पेक्षा जोरात दिसत असेल, तर ते बहुधा तुमचंच आहे. एक्स्टेंडरचं (सिग्नल लांबवर नेणाऱ्या उपकरणाचं) सेटअपच्या वेळचं नेटवर्क, प्रिंटरचं स्वतःचं नेटवर्क, कॅमेरा, कधीतरी पाहुण्यांसाठी सुरू करून विसरलेलं गेस्ट नेटवर्क. एकेक उपकरणाचा प्लग काढा, मिनिटभर थांबा आणि यादीतून कोणतं नाव गेलं ते बघा. शेजाऱ्याचं नेटवर्क उघडं सापडलं, तर 'बघू तरी' म्हणून जोडू नका. परवानगीशिवाय घुसणं माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३मध्ये बसतं, आणि हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६खाली गुन्हाही ठरतं. त्यांची बेल वाजवून सांगा.

प्रत्येक नावाखाली कुलपाचा प्रकार लिहिलेला असतो. डब्ल्यूईपी २००१मध्येच फुटलं, त्याला उघडंच समजा. पहिलं डब्ल्यूपीए आणि टीकेआयपी ही माहिती सांकेतिक करायची जुनी पद्धतही नको. टीकेआयपीवर वेग ५४ एमबीपीएसवरच अडतो, त्यामुळे नव्या राउटरवर जोडणीचा वेग तिथेच खिळला असेल तर हे आधी तपासा. डब्ल्यूपीए३ असेल तर तेच निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही नवी पद्धत. डब्ल्यूपीए३ लावल्यावर जुना प्रिंटर किंवा स्मार्ट बल्ब रुसला, तर सगळ्या घराचं कुलूप ढिलं करू नका. अशा उपकरणांना पासवर्ड असलेल्या वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर डब्ल्यूपीए२ने बसवा.

पासवर्डाची गोष्ट जरा सविस्तर. नेट जोडायला आलेला माणूस सोयीसाठी तुमचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून जातो. डब्ल्यूपीए२मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून घेतली की पुढचे अंदाज घरी बसून चालवता येतात. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. सेकंदाला १० लाख पासवर्ड तपासणारं ग्राफिक्स कार्ड घेतलं, तर अख्खा ढीग ६७ मिनिटांत संपतो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग टाका: विळी, टपाल, गच्ची, सायकल, कढीपत्ता, या धर्तीवर. (हेच नकोत, हे आता सगळ्यांनी वाचलेत.) मर्यादा ६३ अक्षरांची आहे, जागा पुष्कळ आहे. नेटवर्कचं नावही बदला. हे नाव किल्ली बनवताना वापरलं जातं आणि कंपनीने दिलेल्या सर्रास नावांसाठी अशा किल्ल्यांचे आधीच काढून ठेवलेले तक्ते मिळतात. मात्र नव्या नावात फ्लॅट नंबर किंवा आडनाव नको.

राउटरच्या पानावर जायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, नक्की कोणता ते राउटरखालच्या स्टिकरवर असतं. अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड बदला, बाहेरून नियंत्रण बंद करा आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, तर बंदच करा. त्याचा पिन दिसतो आठ आकडी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो. त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. हा दोष २०११च्या डिसेंबरात जाहीर झाला, तरी जुन्या राउटरांवर अजून सर्रास सापडतो.

नाव लपवणं आणि ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणं, या दोन उपायांवर लोक उगाच विसंबतात. लपवलेलं नाव तुमचाच फोन शोधताना हवेत उच्चारतो, आणि परवानगी असलेला हार्डवेअर पत्ता नक्कल करायला मिनिट पुरतं.

सगळं झाल्यावर अ‍ॅप पुन्हा उघडा. राउटरच्या पानावर बंद केलेलं डब्ल्यूपीएस यादीत अजून दिसत असेल, तर आधी राउटर रीस्टार्ट करून बघा. तरी दिसलं, तर पानावरच्या बटणाने काही बंद झालेलं नाही. नवं फर्मवेअर नसेल तर तो राउटर बदला.